गुरुवारचं पाणी

हौसा, काल शाळेत तुझी शोकसभा झाली. हसू नकोस, खरंच झाली. कमिटीनं ठरवली, घरोघर निरोप गेले, आणि ज्या सतरंजीवर तुला आयुष्यात कुणी बस म्हटलं नाही ती सतरंजी तुझ्यासाठी अंथरली गेली. तुझा फोटो कुणाकडेच नव्हता. मग माझ्या टेबलावर पांढरं फडकं टाकून त्यावर नुसताच झेंडूचा हार गोल करून ठेवला. हाराच्या मध्ये काहीच नाही, आणि त्या रिकाम्या फडक्याकडे बघत गावातली जाणती माणसं चेहरे पाडून बसली होती. तुला ते बघायला फार आवडलं असतं.

तात्या बोलायला उभे राहिले. शाळा कमिटीचे चेअरमन म्हटल्यावर बोलणं आलंच. फेटा नीट केला, घसा साफ केला आणि म्हणाले, "पालक कसा आसावा, तर हौसाबाईंसारका आसावा. शाळंसाटी त्येंनी..." आणि तिथे गाडी अडली. पुढचा शब्द 'पाणी' होता, आणि तो शब्द त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. हेडगुरुजींनी खोकून वेळ भरून काढला. शेवटी तात्यांना वाट सापडली. "शाळंसाटी त्येंनी लय केलं," असं म्हणून ते खाली बसले. लय म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मी तोंडाला पदर लावला. बायांना वाटलं, बाईंना हुंदका आला. हुंदका आलाच होता, पण त्याच्या आधी हसू आलं होतं.

मलाही बोला म्हणाले. मी नको म्हटलं. त्या माणसांपुढे तुझ्याविषयी बोलणं म्हणजे तुझी चेष्टा त्यांच्याइतकीच मीही केल्यासारखं झालं असतं. गेल्या गुरुवारी तू रांजण भरून, पदरानं मान पुसत, माझ्याशी भांडून गेलीस. संध्याकाळी ताप चढला म्हणे, शनिवारी एस.टी.त घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, आणि रविवारी तू नव्हतीस. भांडण अर्धं राहिलं. तुझ्याशी बोलायचं ते असं लिहूनच बोलते आता.

मी या गावात आले तेव्हा तुला कशी दिसले असेन, ते तूच नंतर सांगितलंस. "नाकात बोलनारी गोरी बाई, गुडघ्यापातूर धुळीनं भरल्याली, आन तोंड आसं जनू कुनी कारलं चारलंय." खरं होतं. मी वाईची. तिथे नदी घाटाच्या पायऱ्यांशी येऊन उभी राहते. इथे जतच्या बाजूला पाणी आहे कुठे तेच माणसं शोधत फिरतात. दोन खोल्या, एक पडवी, पडवीत एक रांजण, हेडगुरुजी आणि मी, एवढी शाळा. शिपाई नाही. रांजण भरायचा कुणी, हे सरकारनं कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. गावविहीर ओढ्यापलीकडे. दुपारच्या सुट्टीत मुलं पाणी प्यायला घरी जायची आणि घरचे त्यांना शेरडांमागे धाडायचे. दुपारनंतर मी चार डोक्यांना आणि उरलेल्या भिंतींना शिकवायची. शाळेत वाटायला दुधाची भुकटी यायची, ती कालवायलाही पाणी नसायचं. मुलं ती कोरडीच तळहातावर घेऊन चाटायची आणि टाळूला चिकटली म्हणून रडायची.

पालकांना शाळेत आणा, असा वरून दरवर्षी हुकूम यायचा. हेडगुरुजी दरवर्षी पालक सभा भरवायचे. ती सभा मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, बैलांचा सौदा चाललाय. एकाही आईचा पत्ता नाही. पागोटी, फेटे, टोप्या, पानसुपारी. मुलगा कितवीत आहे हे बापाला धड ठाऊक नाही, पण शाळेच्या आवारातलं लिंबाचं झाड कुणाच्या हद्दीत येतं यावर तासभर चर्चा. मग तात्या म्हणाले, "शाळा आपलीच हाय." यावर टाळ्या. आपली शाळा आपली म्हणायला चेअरमन लागतो, आणि ते ऐकून टाळ्या वाजवायला आख्खं गाव लागतं!

त्याच सभेत मी उभी राहिले आणि पाण्याचं काढलं. मुलं तहानेनं पळतात, तेव्हा पालकांनी आळीपाळीनं रांजण भरावा, म्हटलं. मग कुणीतरी म्हणालं, "वार लावू की." आणि सगळ्यांचे चेहरे उजळले, कारण वार लावण्याचा त्रास घ्यायचाच नव्हता. देवळातल्या दिव्याच्या तेलाचे वार पिढ्यान्‌पिढ्या लागलेले होते. कुठल्या वारी कुठल्या घरांनी तेल घालायचं हे गुरवाला तोंडपाठ. त्याला बोलावलं. तो डोळे मिटून म्हणत गेला, हेडगुरुजी फळ्यावर लिहीत गेले. दिव्याच्या तेलाचे वार तेच शाळेच्या पाण्याचे वार ठरले. झालं! पालकांचा सहभाग मिळाला.

तू त्या गोष्टीला किती हसायचीस! ज्या म्हातारीचं आगंमागं कुणी नाही तिच्या डोक्यावर मंगळवारची घागर आली. आणि रविवारची घरं! देवाला रविवारीही तेल लागतंच, म्हणून ती घरं बिचारी रविवारी येऊन कुलूपबंद शाळेच्या पडवीत रांजण भरून जायची. ते पाणी कावळे प्यायचे. मी तात्यांना म्हटलं, रविवारी शाळा नसते. ते म्हणाले, "वार बदलून कसं चालंल बाई, गुरवानं सांगितल्यात." इतक्या मूर्खपणावर माझ्याकडे औषध नव्हतं.

बाकीच्या वारांना तीन-तीन, चार-चार घरं होती. गुरुवार मात्र तात्यांच्या एकट्या घराचा. त्यांच्या आजोबांनी तो मान मागून घेतला होता म्हणे. आता चेअरमनची बायको शाळेसाठी डोक्यावर घागर कशी घेणार? त्यामुळे गुरुवारी रांजण ठणठणीत कोरडा.

आणि तुमच्या वस्तीला वारच नव्हता. तुम्ही बौद्ध झाल्यावर देवळाशी संबंध तोडलात, आणि त्याआधी देवळानं तो कधी ठेवलाच नव्हता. तेल नाही म्हणून पाणी नाही. कुणाला नको म्हणावं लागलं नाही, कुणाचा अपमान करावा लागला नाही, सगळं कसं आपोआप झालं. तुमची मुलं मात्र शाळेत होती. दुसऱ्या कुणी मुलानं उंचावरून ओतायचं, तुमच्या मुलांनी ओंजळ धरायची. मी आल्या दिवसापासून हेडगुरुजींशी त्यावरून वाद घालत होते. कायदा आहे, म्हणत होते. ते म्हणायचे, "कायदा सांगलीत हाय, बाई. हितं गाव हाय."

आणि मग एके दिवशी, मी पहिलीचे पाढे घेत असताना, तू सरळ वर्गात शिरलीस. तुझी सुमन पहिल्या रांगेच्या मागे, खिडकीपाशी बसायची. तिच्याकडे न बघता तू मला विचारलंस, "बाई, आमचा वार कंचा?"

मी म्हटलं, "आधी बाहेर हो. वर्ग चाललाय."

"माजं पोर आत हाय, आन म्या भाईर का?"

"कारण आत शिकवायचं काम माझं आहे. तात्यांनाही मी असंच बाहेर काढलंय."

हे खरं होतं. तात्या एकदा जावयाला शाळा दाखवायला वर्गात घेऊन आले होते आणि मी त्यांना उंबऱ्यावरच थांबवलं होतं. ते तुला ठाऊक नव्हतं. तू बाहेर जाऊन खिडकीखाली बसलीस. तास संपेपर्यंत तिथून हलली नाहीस. त्या दिवसापासून ती खिडकीखालची जागा तुझी झाली. वेळ मिळेल तेव्हा तू तिथे येऊन बसायचीस आणि वर्ग सुटला की मला टोकायचीस. मी भरभर बोलते. धनगरांची पोरं घरी कानडी बोलतात, त्यांना माझं वाईचं मराठी कळत नाही. मागच्या पोरांकडे मी बघत नाही. यातलं निम्मं खरं होतं आणि निम्मं तुझा आगाऊपणा होता, आणि मी ते तुला तोंडावर सांगितलं. आई-बापांनी पोर दारात सोडावं आणि आपल्या कामाला जावं, हे माझं मत होतं. अजून आहे. तू गेलीस म्हणून मी ते बदलणार नाही, आणि बदललं असतं तर तूच मला हसली असतीस.

वाराचं मात्र मी तुला सांगितलं, कमिटीपुढे जा, मी येते बरोबर. पुढच्या बैठकीत तू आलीस. पायरीखाली उभी राहिलीस. कडेवर काही नाही, हातात काही नाही, फक्त ताठ मान. तात्या हसले. त्यांचं ते हसणं मला अजून आठवतं. लहान मुलानं मिशी मागावी तसं ते तुझ्याकडे बघून हसले.

"आगं, तुमाला माफ केलंय," ते म्हणाले. "हितं बाया म्हनत्यात आमाला वार नगं. तुला न मागता सोडलंय, तर तूच यिऊन भांडाय लागलीस व्हय?"

सगळे खदखदले. गुरवानं मांडीवर थाप मारली.

तू म्हणालीस, "मला सोडू नगा. सुमन शाळंत हाय, तर म्या पालक हाय. पालकाला वार हाय. माजा वार सांगा."

मग दया सुरू झाली. अंगण झाडशील का? सरपण आणशील का? पावसाळ्यात पडवीची भिंत सारवून दिलीस तर शाळा तुझे उपकार मानेल. एकेक जण आपापल्या परीनं मोठ्या मनानं तुझ्यासाठी काम शोधत होता. पाणी सोडून सगळं तुला द्यायला तयार होते. मी मध्ये पडले, कायदा काढला, आवाज चढवला. तात्या मला म्हणाले, "बाई, तुमी शिकवायचं बगा. पालकांचं आमी बगतो." तू मला हातानं गप्प केलंस आणि निघून गेलीस. मला वाटलं, हरलीस. मला त्या माणसांचा तिटकारा आला होता.

पुढचे कितीतरी गुरुवार कोरडे गेले. मग उन्हाळ्यातला तो गुरुवार. सकाळची शाळा होती, तरी नऊ वाजताच पत्रे तापले होते. मुलांचे ओठ पांढरे पडलेले. मी बाहेर आले तर तू रांजणात घागर उपडी करत होतीस. ओढ्याच्या वाळूत तुमच्या वस्तीनं झिरा खणलेला होता, त्याचं पाणी. दुसरी घागर आणलीस, तिसरी आणलीस, रांजणाच्या तोंडावर फडकं बांधलंस आणि गेलीस. सुट्टी झाल्यावर मुलं रांजणावर तुटून पडली. कुणाचं पाणी, असं एकानंही विचारलं नाही. तहान लागलेल्या मुलांना असले प्रश्न पडत नाहीत, ते घरी गेल्यावर मोठ्यांनी पाडायचे असतात.

आणि तसंच झालं. तात्यांचा नातू घरी जाऊन आजीला म्हणाला, "आज शाळंतलं पानी लय ग्वाड हुतं." आजीनं वार मोजला. गुरुवार आपला, आपण पाणी धाडलं नाही, मग गोड पाणी आलं कुठून?

संध्याकाळी पडवीत सगळे जमले. तात्या, गुरव, हेडगुरुजी, आणखी दोघे-तिघे. मला बोलावणं नव्हतं, पण माझी खोली शाळेला लागूनच, त्यामुळे मी येऊन उभी राहिले. कोण पाणी भरून गेलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. झिऱ्याच्या वाटेवर तुला बघितलेलं होतं. गुरव म्हणाला, रांजण फोडा, पडवी गोमूत्रानं धुवा. एक जण म्हणाला, तिला बोलावून जाब विचारा. मी म्हटलं, जरूर विचारा, मी लगेच तालुक्याला कळवते. पण त्यांना माझी भीती वाटली नाही. तात्या दुसराच हिशोब करत होते. रांजण बाटला म्हटलं, तर ते पाणी प्यालेलं गावातलं प्रत्येक पोर बाटलं. गुरवाची दोन्ही पोरं प्याली होती. तात्यांचा नातू तर पुन्हा पुन्हा पिऊन आला होता आणि वर गोड म्हणाला होता. मग शुद्ध कुणाला करायचं आणि कुणाकडून करून घ्यायचं?

शेवटी तात्या म्हणाले, "आज वार कुनाचा हुता?"

हेडगुरुजी म्हणाले, "तुमचा."

"मग पानी आमच्या घरचंच. आमच्याकडनं कोन घिऊन आलं, ते आमी बगू."

बस. गुरवानं मान डोलावली. असा निर्लज्ज निकाल मी दुसरा पाहिला नाही, आणि दिला तो इतक्या गंभीरपणे दिला, की मला तिथे थांबवेना.

दुसऱ्या दिवशी तुला सांगितलं तर तू खिडकीखाली पोट धरून हसलीस. पुढच्या गुरुवारी घागर घेऊन आलीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "बाई, तात्यांच्या घरचं पानी आनलंया." तेव्हापासून दर गुरुवारी तू पाणी आणलंस. सारं गाव बघत होतं आणि सारं गाव बघत नव्हतं. तात्यांच्या बायकोनं तर कहरच केला. आपल्या घरची एक पोचे पडलेली घागर गड्याबरोबर तुझ्याकडे धाडली, म्हणजे पाणी निदान त्यांच्या भांड्यातून आलं असं होईल. तू ती तशीच परत पाठवलीस. "भांडं त्येंचं आन डोस्कं माजं व्हय?" मोठे साहेब तपासणीला आले तेही नेमके गुरुवारी. पेला भरून पाणी प्याले, वा म्हणाले, आणि शेजारी उभ्या तात्यांनी हात जोडले, "आमच्या घरचं हाय, सायेब." पालकांचा असा सहभाग तालुक्यात कुठे नाही, असं साहेब म्हणाले. तू तेव्हा खिडकीखालीच होतीस. साहेबांनी मला विचारलं, ती बाई कोण? मी म्हटलं, "पालक." त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

आपलं खरं भांडण त्यानंतर झालं. एका गुरुवारी तू खिडकीतून पाहिलंस, सुमन ओंजळ धरून उभी आहे आणि गुरवाचा पोरगा उंचावरून ओततोय. तूच आणलेलं पाणी. तू वादळासारखी आत आलीस. "माज्या पान्याला माजी पोर वंजळ धरत्या, बाई!" तुझा आवाज फाटला होता. मुलं भेदरली. मी तुला तशीच दंडाला धरून बाहेर नेलं, पण त्याच क्षणी परत आले, त्या पोराच्या हातातलं पाणी काढायचं ओगराळं काढून घेतलं आणि सुमनच्या हातात दिलं. म्हटलं, आजपासून जो तो आपल्या हातानं घेईल. हेडगुरुजी धावत आले. मी म्हटलं, पाणी तात्यांच्या घरचं आहे ना? मग बाटतंय कशानं, सांगा. त्यांना सांगता येईना. कमिटीलाही येईना. तक्रार करायची तर ते पाणी कुणाचं हे आधी तोंडानं बोलावं लागलं असतं. आणि गुरुवारी चाललं ते शुक्रवारी बंद कसं करणार? त्यांच्याच खोटेपणात त्यांचे पाय अडकले आणि आपल्या शाळेतली ओंजळ सुटली.

मला वाटलं, आता तू खूश होशील. मी तर हवेत होते. तू म्हणालीस, "पोरीचं झालं. माजं काय?"

"तुझं काय म्हणजे? पाणी पोहोचतंय, मुलं टिकतात, सुमन आपल्या हातानं पिते. आणखी काय हवं?"

"माजा वार."

"अगं, गुरुवार तुझाच तर आहे."

"तात्यांचा हाय. फळ्यावर तात्यांचं नाव हाय. सभंत म्हनत्यात, तात्यांच्या घरचं. म्या कोन? पानी घालनारं मानूस."

मी तुला म्हटलं, नावात काय आहे. तू माझ्याकडे बघितलंस, ते मला आवडलं नाही. "तुमचं नाव सरकार दर म्हैन्याला लिवतंय, बाई. म्हून तुमाला सोपं हाय." आणि तू उठून गेलीस. या एकाच मुद्द्यावर आपण तीन वर्षं भांडलो. दर सभेला मी तुझं नाव सुचवायचं, तात्यांनी "वार बदलत न्हाईत" म्हणायचं, आणि तू पायरीखालून माझ्याकडे असं बघायचंस, जणू मीच कच्ची पडले. तू फार त्रास दिलास हौसा. तू काही गरीब गाय नव्हतीस. तोंडाळ होतीस, हट्टी होतीस, माझ्या साडीपासून माझ्या फोडणीपर्यंत सगळ्याला नावं ठेवायचीस. तुझा नवरा रस्त्याच्या कामावरून महिन्यातून एकदा घरी येई, तर त्यालाही खिडकीखाली आणून बसवलंस. "बग, ही बाई शिकवत्या. चुकली की सांग." त्या बिचाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

गेल्या वर्षी माझी बदली मिरजेकडे निघाली होती. तिथे नळ होते, आगगाडी होती, बोलायला माणसं होती. मी खटपट करून ती रद्द करून घेतली. सगळ्यांना सांगितलं, मला इथली कोरडी हवा मानवते. तुलाही तेच सांगितलं आणि तू म्हणालीस, "हवा कुनाला मानवत्या हो हितली? शेरडाला." खरं कारण तुला कधी सांगितलं नाही. खिडकीखाली कुणी बसलेलं नसताना शिकवायचं, ही कल्पनाच मला सहन झाली नव्हती. पालकांनी वर्गाबाहेर राहावं म्हणणारी मी. तू बाहेरच होतीस म्हणा, पण तू ऐकतेयस हे माहीत असल्यानं मी नीट शिकवत होते. मागच्या मुलांकडे बघत होते. यासाठी मी तुझे आभार कधी मानले नाहीत, आणि मानले असते तर तू ते ऐकून घेतले नसतेस. आता ऐकावंच लागेल.

काल सभा संपली. लोक चहा पिऊन पांगले. मी हार उचलून फडक्याची घडी करत होते तर तात्या घुटमळत आले. इकडे तिकडे बघितलं. मग दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, उंद्या बेस्तरवार हाय."

"हो."

"न्हाई म्हंजी... पान्याचं कसं करायचं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या माणसानं मान्य केलं, आणि तेही कुणी ऐकत नाही याची खात्री करून. सभेत मान्य करायला त्याला सवड झाली नव्हती. मला इतका संताप आला की मी अगदी शांतपणे बोलले.

"तुमचाच वार आहे, तात्या. तुमच्या घरून येतंच आहे की पाणी."

"व्हय, पर घरात कंबर धरल्याती हिची..."

"मग गुरवाला विचारा," मी म्हटलं आणि आत गेले.

आज गुरुवार. सकाळी रांजण कोरडा होता. कुणी आलं नाही. तात्यांच्या घरून कुणी येईल असं मला वाटलंच नव्हतं, पण उरलेल्या एवढ्या घरांतल्या एकाही बाईला आपली घागर उचलावीशी वाटली नाही. वार त्यांचा नव्हता ना! काल ज्यांनी तुला आदर्श म्हटलं त्या सगळ्यांची मुलं तहानेली बसली होती. सुमन आली होती. तिला बापानं धाडलं होतं. तिचं तोंड रडून सुजलेलं होतं आणि मी तिच्याकडे फारसं बघत नव्हते.

सुट्टीत मुलं रांजणावर गेली आणि तशीच परत आली. तात्यांचा नातू दारात उभा राहून म्हणाला, "बाई, रांजान कोरडा हाय."

मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, मग आन की! आज तुमच्याच घरचा वार हाय न्हवं?"

वर्ग हसला. तो पोरगा लाल झाला आणि माझ्याकडे बघायला लागला. त्याचा काय दोष? मी सगळ्यांना खाली बसवलं.

"त्याच्या घरचा नाही," मी म्हटलं. "आज हौसाबाईंचा वार आहे."

सुमननं मान वर केली. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी हळूच म्हणाली, "पर त्या तर मेल्या, बाई."

"हो," मी म्हटलं. "म्हणून पाणी नाही."